जुनी जर्मन सेडान नागपुरात चालवायची तर: तपासणी, नेहमीचे बिघाड आणि खर्च

दहा-बारा वर्षं जुनी बीएमडब्ल्यू ५-सीरिज, मर्सिडीज ई-क्लास किंवा ऑडी ए६ आज नागपुरात साधारण ८ ते ११ लाखांत मिळते. तेवढ्याच पैशांत नवी छोटी एसयूव्ही येते, म्हणून मोह होतोच. गाडी नीट पारखून घेतली तर हा सौदा खरोखर समाधान देतो. अडचण अशी की गाडीची किंमत उतरली, सुट्या भागांची उतरली नाही. हेडलाइट आजही ४०-५० लाखांच्या गाडीचा आहे आणि त्याच भावाने मिळतो. म्हणून माझा पहिला नियम पैशांचा आहे: खरेदीच्या किमतीच्या ३० टक्के रक्कम सौद्याच्या दिवशीच वेगळी काढा. ९ लाखांची गाडी घेणार असाल तर तुमचं बजेट पावणेबारा लाखांचं आहे. एवढे पैसे नसतील तर ७ लाखांची गाडी बघा, नाहीतर थोडं थांबा.

खाली दिलेले खर्च खासगी गॅरेजमधले ढोबळ अंदाज आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये याच कामांना दीडपट ते अडीचपट धरून चाला. हा लेख मुख्यतः २०१० ते २०१५ मधल्या डिझेल सेडानबद्दल आहे, कारण नागपूरच्या जुन्या बाजारात दिसतात त्या बहुतेक त्याच.

आधी कागद

राष्ट्रीय हरित लवादाच्या (एनजीटी) २०१५ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात १० वर्षांपुढची डिझेल गाडी चालवणं अवघड झालं. त्यामुळे तिकडच्या आठ-नऊ वर्षांच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे आल्या. दिल्लीची गाडी म्हणून ती वाईट, असं मुळीच नाही. पण तिची एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र), बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा रोड टॅक्स हे तिन्ही सौद्याआधी स्पष्ट हवेत. विकणारा म्हणतो, ‘टॅक्स काय, किरकोळ आहे.’ त्याच्या शब्दावर राहू नका. आरटीओत जाऊन तुमच्या गाडीच्या मॉडेलचा आणि वयाचा आकडा काढा आणि तो किमतीतून वजा करून बोला. एमएच-३१, एमएच-४९ किंवा एमएच-४० ची गाडी दिल्लीच्या गाडीपेक्षा ५०-६० हजारांनी महाग असली तरी बऱ्याचदा तीच स्वस्त पडते.

वयाकडेही बघा. १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीचं त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं, पण पूर्ण आयात केलेल्या गाडीचं ४०,०००. पर्यावरण कर वेगळा. २०११ ची गाडी आज घेणाऱ्याच्या दारात हा खर्च उभाच आहे. गाडी भारतात जुळवलेली आहे की आयात केलेली, हे आरसीवरून आणि चासी नंबरवरून कळतं.

किलोमीटर हा मोठा प्रश्न. मीटर मागे केलेली लक्झरी गाडी ही बाजारातली रोजची गोष्ट आहे. चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि जुन्या जॉब कार्डांवरच्या किलोमीटरच्या नोंदी मिळतात का, ते विचारा. चांगला स्कॅनर असलेला मिस्त्री गाडीतल्या वेगवेगळ्या मॉड्यूलमधले किलोमीटर ताडून देतो. त्या काळातल्या बीएमडब्ल्यूंच्या चावीतही किलोमीटरची नोंद राहते. मीटरवर ६२ हजार आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड खचलेली, असं दिसलं तर रबरावर विश्वास ठेवा.

नागपूरकरांनी पुराची तपासणी न चुकता करावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, सीताबर्डी अशा भागांत शिरलं आणि तळमजल्यावरच्या गाड्या बुडाल्या. असल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. तपासणी सोपी आहे. चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का ते बघा. सीटखालच्या रुळांवर गंज आहे का, डिकीतला गालिचा उचलून खालच्या खोलगट भागात गाळ आहे का, आणि पायाजवळचा गालिचा उलटा करून कुबट वास येतो का, हे पाहा. या गाड्यांची बरीच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल्स सीटखाली, गालिच्याखाली आणि डिकीत असतात. बुडालेली गाडी सहा महिने छान चालते, मग एकेक दिवा लागू लागतो. ती अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

सकाळी, थंड इंजिनावर

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचलात की पहिल्यांदा बोनटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर गाडी आधीच गरम करून ठेवली आहे. मग परत जा, दुसऱ्या दिवशी या. एवढं कडक वागण्याचं कारण टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी.

बीएमडब्ल्यू ३२०डी आणि ५२०डी मधलं एन४७ इंजिन २००७ साली आलं. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. २०११ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या इंजिनांमध्ये चेन आणि तिचे गाइड झिजण्याच्या तक्रारी जगभर आल्या. नंतरच्यांत कमी आल्या, पण थांबल्या नाहीत. चेन मागे असल्यामुळे ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो किंवा अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. पार्टपेक्षा मजुरी खाते ती इथे.

ऐकायचं असं: बोनट उघडा, दुसऱ्या कुणाला गाडी सुरू करायला सांगा आणि तुम्ही विंडस्क्रीनच्या बाजूला, इंजिनाच्या मागच्या टोकाशी कान न्या. डिझेलचा नेहमीचा टकटकाट पुढून आणि वरून येतो. झिजलेल्या चेनचा आवाज मागून, खालून येतो: पत्र्यावर साखळी ओढल्यासारखी बारीक खरखर. आता रेस हळूहळू १,५०० ते २,००० आरपीएमपर्यंत न्या. खरखर आरपीएमबरोबर वाढली की विषय संपला. शेजारी उभा असलेला एजंट इथे हमखास म्हणतो, “काही नाही होत भाऊ, असाच आवाज राहते डिझेलचा.” नाही राहत. चेन, गाइड, टेन्शनर आणि मजुरी मिळून १ लाख ते पावणेदोन लाख येतात. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हिशेब ४ लाखांच्या पुढे जातो.

मर्सिडीजच्या ओएम६५१ मध्येही (सी २२०, ई २५० सीडीआय) चेन मागेच आहे, तक्रारी मात्र एन४७ इतक्या नाहीत. सुरुवातीच्या, २००९ ते २०११ च्या ओएम६५१ ला इंजेक्टरचा त्रास होता; कंपनीने पुढे पिझो इंजेक्टर काढून दुसऱ्या पद्धतीचे बसवले. अशी गाडी बघत असाल तर इंजेक्टर बदलल्याचा कागद मागा. ऑडीच्या २.० टीडीआय डिझेलला चेन नसून बेल्ट आहे. तो पाण्याच्या पंपासकट ३० ते ४५ हजारांत बदलून होतो, म्हणून कागद नसेल तर घेतल्याबरोबर बदलून टाका. युरोपातला अंतराचा आकडा धरून बसू नका. आपल्या उन्हात आणि धुळीत पाच वर्षं किंवा लाखभर किलोमीटर पुरे झाले. २०१५ च्या डिसेंबरात फोक्सवॅगन समूहाने भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या धुराच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या होत्या, त्यात ऑडीही होत्या. त्या यादीत ही गाडी होती का आणि काम झालं का, तेही विचारून घ्या.

तेलाचं एवढंच लक्षात ठेवा: गाडीचा संगणक सांगेल तेव्हा नाही, त्याच्या आधी. ८ ते १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. एन४७ ला ५.२ लिटर आणि ओएम६५१ ला ६.५ लिटर तेल लागतं. डब्यावर बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०४, मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२ आणि ऑडीसाठी ५०७.०० ही मान्यता छापलेली हवी. फिल्टरसकट ९ ते १४ हजार. चेनचं आयुष्य बरंचसं या एका सवयीवर आहे.

नागपूरचं ऊन

पुण्यात चाललेली गाडी आणि इथे चाललेली गाडी यांतला खरा फरक उन्हाळ्यात पडतो. मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश पाहिले, आणि नवतपात ४५ च्या वर पारा जाणं आपल्याला नवं नाही. या गाड्यांच्या कूलिंगमध्ये प्लास्टिक भरपूर वापरलं आहे: कुलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, पाइपांची टोकं. दहा उन्हाळे झाले की हे प्लास्टिक ठिसूळ होतं. नागपुरात गाडी घेतल्यावर सगळ्यात आधी पैसे कुठे घालायचे, असं मला कुणी विचारलं तर मी कूलिंग म्हणतो. स्क्रीन, सीट कव्हर, अलॉय व्हील सगळं नंतर.

इंजिन पूर्ण थंड असताना कुलंटच्या टाकीपाशी जा. नवी टाकी दुधी पांढरी असते. जुनी पिवळसर तपकिरी होते आणि जोडाच्या रेषेवर बारीक केसासारख्या चिरा दिसतात. त्या चिरांभोवती पांढरट किंवा निळसर पावडर साचली असेल तर तिथून कुलंट पाझरून वाळतंय. जमिनीवर थेंब पडत नाही, कारण गरम प्लास्टिकवरच तो सुकतो, आणि मालक प्रामाणिकपणे सांगतो की गळती नाही. झाकण फिरवून बघा. त्यावर १४० किंवा २०० असा आकडा असतो. तो दाबाचा आहे. हा दाब धरला जातो म्हणून कुलंट १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो आणि सिग्नलवर उभी असताना गाडी उकळू शकते. झाकण हजार-दीड हजारांचं, टाकी ५ ते ९ हजारांची. दोन्ही एकदम बदला.

आता समोरची जाळी. पुढून टॉर्च मारली की एसीचा कंडेन्सर दिसतो, त्याच्या मागे रेडिएटर, काही गाड्यांत खाली इंटरकूलर. बाहेरून सगळं स्वच्छ वाटतं. पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत काय आहे, हे ते वेगळे केल्याशिवाय कळत नाही. नागपूर-वर्धा-यवतमाळ असं फिरलेल्या गाडीत तिथे कापसाचा भुरका, कडुनिंबाच्या काड्या, किडे आणि धूळ यांचा चिकट थर बसलेला असतो, नमद्यासारखा, बोटाने सोलून निघेल इतका. हवा आत जाणार कुठून? पुढून प्रेशरने पाणी मारलं तर हा थर आणखी आत दाबला जातो आणि कंडेन्सरच्या पाकळ्या वाकतात. बंपर काढून दोन्ही वेगळे करून मागून पुढे हलक्या दाबाने धुवायचं. मजुरी ४ ते ६ हजार. नुसत्या या कामाने कितीतरी गाड्यांचा ‘एसी कमी पडतो’ हा आजार जातो. गॅस भरणाऱ्याकडे त्याआधी जाऊ नका. गॅसही अंदाजाने नाही, बोनटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढाच, वजन करणाऱ्या मशीनवर भरून घ्यायचा.

कुलंट कंपनीच्या मान्यतेचं आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी कधीच नको; आपल्याकडच्या जड पाण्याने आत चुना धरतो. तीन-चार वर्षांनी पूर्ण बदला. भरताना हवा अडकू द्यायची नाही, हे काम घाईच्या गॅरेजमध्ये बिघडतं. इलेक्ट्रिक पंप असलेल्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल बीएमडब्ल्यूत तर त्याची ठरलेली पद्धत आहे: इग्निशन चालू, इंजिन बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा सगळ्यात कमी, मग ॲक्सिलरेटर १० सेकंद दाबून धरायचा. पंप आपोआप १२ मिनिटं फिरून हवा काढतो. हा पंप लाखभर किलोमीटरच्या आसपास जातो आणि जाताना फारशी सूचना देत नाही. थर्मोस्टॅटसकट ४० ते ६० हजार. डिझेलमध्ये साधा पंप आणि थर्मोस्टॅट १५ ते २५ हजारांत होतो.

बऱ्याच बीएमडब्ल्यूंच्या डॅशबोर्डवर कुलंटचा काटाच नाही. तांबडा दिवा लागेपर्यंत तुम्हाला काही कळत नाही. दीड-दोन हजारांचा ब्लूटूथ ओबीडी रीडर घ्या, मोबाइलवर तापमान बघत चला. ९० च्या आसपास ठीक. १०५ च्या वर जाऊ लागलं तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण चालू करा आणि सावलीत बाजूला घ्या. ११५ दिसलं की इंजिन बंद. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणून ओढलेले ४ किलोमीटर ॲल्युमिनियमचं हेड वाकवायला पुरतात, आणि मग १.५ ते २.५ लाख. झाकण तासभर तरी उघडू नका.

विकत घेण्याआधी हेड गॅस्केटची एक स्वस्त चाचणीही करून घ्या. कुलंटच्या टाकीच्या तोंडावर निळं रसायन असलेली नळी धरतात. सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. पाचशे-हजारात होणारी चाचणी आहे आणि हट्टाने करून घ्यावी अशी आहे.

उन्हाने बाकी रबरही संपतं. इंजिन माउंट (एक ८ ते १८ हजार), एन४७ ची क्रँक पुली (१५ ते २५ हजार, तिच्यातलं रबर फाटलं की बेल्ट उडतो), व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट. ऑडीच्या छताचं कापड गोंद सुटून लोंबकळतं, १२ ते २० हजार. हे शेवटचं दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. भाव पाडायला मात्र चांगलं.

गिअरबॉक्स

बीएमडब्ल्यूच्या एफ१० पिढीच्या ५-सीरिजमध्ये झेडएफचा ८ स्पीड गिअरबॉक्स आहे आणि तो फार चांगला आहे. त्याचं तेल आयुष्यभराचं असतं, असं तुम्हाला सांगितलं जाईल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या तळपात्रातच बसवलेला असल्यामुळे अख्खं पात्र बदलावं लागतं. तेल, पात्र, मजुरी धरून ३० ते ४० हजार. तेलाची पातळी तेल साधारण ४० अंशांवर असताना, गाडी सपाट उभी आणि इंजिन चालू ठेवून बघायची असते. मिस्त्रीला विचारा, ‘तेलाचं तापमान कशावर बघता?’ स्कॅनर म्हणाला तर गाडी द्या.

मर्सिडीजच्या ७जी-ट्रॉनिकमध्ये आतली कंडक्टर प्लेट आणि तिच्यावरचे स्पीड सेन्सर जातात. गाडी एका गिअरमध्ये अडकते, बंद करून सुरू केली की ठीक होते, असं लक्षण असतं. ५० हजार ते १ लाख. त्याच्या गोल विजेच्या प्लगमधून तेल पाझरून वायरिंगमध्ये चढतं. तो प्लग हजार-दोन हजारांचा आहे, तेल बदलताना सोबतच टाका. ऑडी ए६ २.० टीडीआयचा मल्टिट्रॉनिक हा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक आहे. सिग्नलवरून निघताना थरथरतो का, उलट्या गिअरमध्ये चढावर ओढतो का, हे बघा. याचं मोठं काम दीड ते तीन लाखांपर्यंत जातं आणि करणारी माणसं इथे मोजकी आहेत. मी स्वतः तेल बदलल्याच्या बिलांशिवाय मल्टिट्रॉनिक घ्या असं कुणाला सुचवणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह ४० मिनिटांची घ्या. दहा मिनिटांत गिअरबॉक्स गरमच होत नाही. सीताबर्डीच्या गर्दीतून निघा, वर्धा रोडने बाहेर जा, परत या, आणि शेवटी गाडी चांगली तापलेली असताना दोन-तीनदा डी-आर-डी (पुढचा-उलटा-पुढचा गिअर) करा. धक्का किंवा दोन सेकंदांची वाट बघायला लागली तर किंमत तिथेच थांबवा.

आर्म, बुश, टायर

स्पीड ब्रेकर आणि सिमेंट रोडचे जोड यांनी या गाड्यांचं खालचं काम, म्हणजे चाक धरणारे आर्म आणि त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश, लवकर निघतं. ५-सीरिजमध्ये ९०-१०० च्या वेगात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढच्या आर्मचा तेल भरलेला बुश फुटला आहे. डिस्क बदलत बसू नका, आधी तो बघा. पुढचे चार आर्म ३५ ते ५५ हजार. ऑडीत पुढे आठ आर्म आहेत आणि वरच्या आर्मचा लांब बोल्ट घरातच गंजून बसतो. तो काढण्यातच दिवस जातो. सेट ४५ ते ७० हजार. एअर सस्पेन्शनची एस-क्लास मोहात पाडते, पण बाजारातला चांगला स्ट्रट एकेक ४५ ते ८० हजारांचा आणि कॉम्प्रेसर ३५ ते ६० हजारांचा. रात्रभर उभी ठेवून सकाळी एक कोपरा बसला आहे का, हे बघितल्याशिवाय घेऊ नका.

टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. खाच कितीही शिल्लक असो, पाच उन्हाळे झालेल्या टायरवर समृद्धी महामार्गावर जाऊ नका. कारची मर्यादा तिथे १२० आहे, ७०१ किलोमीटरचा तापलेला सिमेंटचा रस्ता, आणि जुन्या टायरच्या कडेच्या चिरा तिथेच फुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दाराच्या चौकटीवरचा आकडा पाळा. १७ इंची साधा टायर १२ ते १८ हजार, रनफ्लॅट (पंक्चर होऊनही काही अंतर चालणारा) २० ते २८. साधे घातले तर डिकीत स्टेपनी नाही हे ध्यानात ठेवून पंप आणि पंक्चरचं किट ठेवा.

डिझेलचा धूर आणि रोजचा वापर

२०१० मध्ये ५० पीपीएम गंधकाचं डिझेल देशातल्या १३ शहरांत आलं. त्यात मुंबई, पुणे, सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. सगळ्या देशात ते एप्रिल २०१७ ला पोचलं. म्हणजे इथेच वाढलेल्या गाडीने सुरुवातीची काही वर्षं जास्त गंधकाचं डिझेल पचवलेलं असू शकतं. अशा गाडीत ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि इनटेक (हवा आत जाण्याचा मार्ग) उघडून साफ करून घ्या, १० ते १८ हजार. काजळीने निम्मा मार्ग बंद झालेला आढळतो. बीएमडब्ल्यूच्या ईजीआर कूलरमधून कुलंट आत झिरपून काजळीशी मिसळतं आणि पेट घेऊ शकतं, म्हणून २०१८ पासून परदेशात लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. कुलंट कमी होतंय आणि बाहेर गळती नाही, अशी स्थिती असेल तर हा कूलर पहिला संशयित.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली गाडी रोज धरमपेठ ते सदर एवढीच चालवणार असाल तर घेऊ नका. त्याला महिन्यातून दोनदा तरी अर्धा तास सलग मोकळा रस्ता लागतो. अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत जाऊन आलात तरी काम होतं. साफसफाई १५ ते २५ हजार, नवा दीड लाखाच्या वर. काढून टाकून सॉफ्टवेअर बदलून देतो, असं सांगणारे भेटतील. ते बेकायदा आहे आणि पुढे पीयूसीला अडकतं. टर्बो दुरुस्ती ३५ ते ६० हजार, नवा इंजेक्टर एकेक २५ ते ४५ हजार.

वापर शहरापुरता असेल तर पेट्रोल बघा. मात्र २००८ ते २०११ च्या १.८ आणि २.० टीएफएसआय ऑडी पिस्टन रिंगमुळे तेल पितात. दोन ऑइल चेंजच्या मधे किती तेल वरून घालावं लागतं, हे मालकाला थेट विचारा.

बॅटरी आणि पाणी

या गाड्यांना एजीएम प्रकारची, जास्त ताण सोसणारी बॅटरी लागते, १६ ते २८ हजार. नवी बसवल्यावर स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते आणि ती लवकर मरते. व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग सगळ्यांचे दिवे एकदम लागतात. अशा वेळी पहिल्यांदा बॅटरी तपासा, मॉड्यूल नाही. जम्प द्यायची तर बोनटखालच्या ठरलेल्या टोकांवरून.

मृगाच्या आधी विंडस्क्रीनखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा आणि सनरूफच्या चारही कोपऱ्यांच्या नळ्या मोकळ्या आहेत का, कपभर पाणी ओतून बघा. कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचं हे काम दरवर्षी. नळी तुंबली तर पाणी गालिच्याखाली, थेट मॉड्यूलवर. साफ करायला ५०० रुपये, मॉड्यूलला ४० हजार ते लाख. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ओढून न्या. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही आणि जुन्या गाडीला इंजिनाचं वेगळं संरक्षण मिळणं अवघड असतं.

गॅरेज आणि पार्ट

चांगला मिस्त्री गाडीच्या आधी शोधा. त्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर आहे का, तो कोड वाचून थेट पार्ट सांगतो की आधी मोजमाप करतो, काढलेला जुना पार्ट परत देतो का, एवढं बघितलं तरी माणूस कळतो. सगळं एकाच ठिकाणी होणार नाही. एसी, गिअरबॉक्स आणि इंजेक्टर यांची कामं वेगळ्या हातांची आहेत; काही गिअरबॉक्स पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला पाठवावे लागतात, त्यात दहा-पंधरा दिवस जातात. म्हणून ही घरातली एकमेव गाडी असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पार्टचं असं की कंपनीच्या डब्यातला पार्ट बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीने बनवलेला असतो. लेम्फॉर्डरचे आर्म, माह्ले किंवा मानचे फिल्टर, बेहरचे रेडिएटर, बॉशचे इंजेक्टर हे त्यांच्या स्वतःच्या डब्यात ३०-४० टक्के स्वस्त मिळतात. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा, तो व्हॉट्सॲपवर तीन दुकानदारांना पाठवा आणि मग भाव करा. कुलंटचे पाइप, ब्रेक, चेन आणि सेन्सर यांत नाव नसलेला माल नको. भंगारातून घ्यायला हरकत नाही अशा वस्तूही आहेत: आरसे, दिवे, दारांचे पॅनल, सीट. नवी हेडलाइट लाखाच्या घरात जाते, जुनी चांगली २५-३० हजारांत मिळते.

पहिल्या वर्षाचा क्रम

घेतल्याच्या आठवड्यात गिअरबॉक्स सोडून सगळी तेलं, फिल्टर, कुलंट आणि पूर्ण स्कॅन. २५ हजारांच्या आसपास. त्यानंतर होळीच्या आधी कूलिंग: टाकी, झाकण, थर्मोस्टॅट, पाइप, जाळ्यांची सफाई, ३० ते ४५ हजार. मग टायर आणि ब्रेक, कारण जीव त्यावर आहे. गिअरबॉक्सचं तेल उन्हाळ्याच्या आत झालेलं बरं. मेअखेर पाण्याच्या नळ्या आणि वायपर. आर्म-बुश पावसाळ्यानंतर, खड्डे बुजल्यावर. आधी केलात तर नवे बुश खड्ड्यांतच जातील. ईजीआरची सफाई दिवाळीनंतर निवांत. या क्रमाने पहिल्या वर्षी २ ते ३ लाख लागतात आणि तुमची ३० टक्के रक्कम तिथे बसते. दुसऱ्या वर्षापासून, मोठं काम निघालं नाही तर, ७० हजार ते सव्वा लाखात वर्ष निघतं. विमा आणि डिझेल वेगळं.

मोठं काम निघालं तर त्या दिवशी काही ठरवू नका. दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्या. एकच काम असेल, चेन किंवा गिअरबॉक्स, आणि बाकी गाडी निरोगी असेल तर करून घ्या. दुसरी तसलीच गाडी घेऊन तिच्यावर हाच खर्च करण्यापेक्षा ही परवडते. दोन्ही एकदम आले आणि अंदाज गाडीच्या आजच्या भावाच्या निम्म्यावर गेला तर बिघाड सांगून, लिहून देऊन विका. खरेदी करणारे गॅरेजवालेच असतात, त्यांना मजुरी स्वस्त पडते, आणि सगळी बिलं व स्कॅनचे कागद तारखेनुसार लावलेले असतील तर भावात ५०-६० हजारांचा फरक सहज पडतो.